नवा कॉम्प्युटर आला, पण दुकान अजून जुन्यातच आहे



मागच्या व्हिडिओत आपण दुकानासाठी डेस्कटॉप कोणता घ्यायचा ते बघितलं. रॅम किती, एसएसडी किती, असेंबल करून घ्यायचा की कंपनीचा. आजचा धडा त्याच्या पुढचा आहे आणि माझ्या मते खरेदीपेक्षा महत्त्वाचा आहे. खोका दुकानात आला, आता जुन्यातलं सगळं नव्यात कसं न्यायचं?

बरेच जण हे काम डीलरच्या माणसावर सोडून देतात. तो येतो, अर्ध्या तासात "झालं साहेब, सगळा डेटा टाकलाय" म्हणतो आणि जुना सीपीयू एक्सचेंजमध्ये उचलून नेतो. तो वाईट माणूस नसतो. पण तुमचं दुकान कुठल्या कुठल्या फोल्डरमध्ये पसरलंय हे त्याला माहीत नसतं. त्याला डी ड्राइव्ह, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स एवढंच दिसतं.

विचार करा. नवा कॉम्प्युटर जळाला तर पैसे जातील, पण बाजारात दुसरा मिळेल. जुन्यात कोणाकडे किती उधारी आहे, कोणत्या पार्टीला कोणत्या भावाने माल दिला, पाच वर्षांपूर्वीचं बिल कोणत्या नंबरचं होतं, हे कुठल्याच बाजारात मिळत नाही. शिवाय हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. नोटीस आली आणि "कॉम्प्युटर बदलला, त्यात गेलं" असं सांगितलं, तर ते उत्तर कोणी धरत नाही.

म्हणून माझा नियम एकच आहे, आणि प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येकाला मी तो आधी सांगतो. नव्या कॉम्प्युटरवर एक अख्खा महिना धंदा होऊन त्या महिन्याचं रिटर्न भरलं जाईपर्यंत जुना कॉम्प्युटर द्यायचा नाही, विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही. डीलर म्हणेल आजच एक्सचेंज दिलात तर दीड-दोन हजार कमी करतो. करू दे. ते दीड-दोन हजार म्हणजे विम्याचा हप्ता समजा. (त्यातले काही डीलर महिन्यानंतरही तेवढेच देतात, फक्त खरेदीच्या वेळी तसं बिलावर लिहून घ्या.)

सध्या हे बदल जास्त दिसतात त्याचं कारण विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर त्याच्या यादीत नाही. म्हणजे २०१५-१६ ला घेतलेला, अजून नीट चालणारा कॉम्प्युटरही बऱ्याच दुकानांत बदलावा लागतोय. यात एक फायदाही आहे. जुना बंद पडायच्या आधी तुम्ही तो बदलताय. चालू कॉम्प्युटरमधून फाइल्स काढणं आणि मेलेल्या हार्ड डिस्कमधून काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या कामाला खर्चही भरपूर येतो आणि फाइल्स मिळतील याची खात्रीही नसते. तेव्हा जुना कुरकुरायला लागला असेल, हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर हा लेख वाचून झाल्यावर आजच पुढचा बॅकअपचा भाग करून टाका. नवा नंतर घ्या.

दिवस निवडा

महिन्याची १ ते ११ तारीख टाळा, कारण मासिक जीएसटीआर-१ ची मुदत ११ ला असते. २० ला ३बी असतं. तिमाहीवाले असाल तर तिमाही संपल्यावर १३ आणि महाराष्ट्रासाठी २२. म्हणजे साधारण २३ तारखेनंतरचा आणि महिनाअखेरच्या आधीचा एखादा सुट्टीचा वार बरा. दिवाळी, गुढीपाडवा, शाळा सुरू व्हायचा जून, लग्नसराई यातलं तुमच्या धंद्याचं जे गर्दीचं असेल ते सोडून. आदल्या रात्री दुकान बंद करताना जुन्यातलं शेवटचं बिल कोणत्या नंबरचं झालं ते वहीत लिहायचं. त्या बिलानंतर जुन्यात एकही नोंद नाही. सकाळी नव्यात पुढचा नंबर.

हे साधं वाटतं, पण घोळ इथेच होतो. नवा लावलाय, पण काउंटरवरच्या मुलाला जुन्याची सवय आहे, म्हणून "दोन दिवस दोन्ही चालू दे" असं ठरतं. दोन दिवसांनी दोन्हीत वेगवेगळी बिलं असतात, काही नंबर दोनदा पडलेले असतात आणि नेमका खरा हिशोब कोणता हे सांगता येत नाही. जुना महिनाभर ठेवायचा तो बघण्यासाठी, लिहिण्यासाठी नाही. त्याचा कीबोर्ड काढून ठेवला तरी चालेल.

आठवडाभर एक वही

बदलाच्या आधीचा आठवडा कॉम्प्युटरशेजारी एक वही ठेवा. तुम्ही, घरचे, कामाचा मुलगा, जो कोणी त्यावर बसेल त्याने काय उघडलं ते लिहायचं. टॅली, बिलिंग, लेबल छापायचं सॉफ्टवेअर, वजनकाट्याचं, स्कॅनरचं, सीसीटीव्हीचं, ई-वे बिलाची साइट, बँकेची साइट. आठवड्याने तुमच्याकडे जी यादी तयार होईल तिच्यातल्या निम्म्या गोष्टी तुम्हाला बसून आठवल्या नसत्या. महिन्यातून किंवा वर्षातून एकदाच लागणाऱ्या गोष्टी मात्र वहीत येत नाहीत, त्या आठवून घाला. सीएला पाठवायच्या फाइल्स, वार्षिक स्टॉकची एक्सेल शीट, बँकेच्या कर्जाचं प्रोजेक्ट रिपोर्ट.

आता फाइल्स कुठे लपलेल्या असतात ते बघू.

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सगळ्यांना माहीत असतात. डाउनलोड्स फोल्डरकडे मात्र कचरा म्हणून बघितलं जातं. खरं तर व्हॉट्सॲपवर आलेल्या ऑर्डरी, पार्टीने पाठवलेली खरेदीची बिलं, बँकेची स्टेटमेंट्स, सगळं तिथेच पडलेलं असतं. तो फोल्डर अख्खा घ्या, निवडत बसू नका. निवड नंतर करता येते.

जुनी बिलिंग सॉफ्टवेअर्स आपला डेटा सी ड्राइव्हवर, स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये, प्रोग्रामच्या शेजारीच ठेवतात. डीलरचा माणूस सी ड्राइव्हला हात लावत नाही, कारण "त्यात फक्त विंडोज असतं". इथेच सगळ्यात जास्त दुकानं बुडतात. ज्याने ते सॉफ्टवेअर दिलं त्याला फोन करून एकच प्रश्न विचारा: डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे आणि नव्या मशीनवर टाकायला तुमच्याकडून काय लागेल? तो माणूस आता धंद्यात नसेल, फोन उचलत नसेल, तर मात्र आधी सगळे रिपोर्ट एक्सेलमध्ये काढून घ्या. पार्टीनिहाय येणी-देणी, स्टॉक, वर्षनिहाय विक्री. सॉफ्टवेअर नव्यात चाललं नाही तरी आकडे तुमच्या हातात राहतील.

टॅलीच्या डेटाचा पत्ता टॅलीच्याच सेटिंगमध्ये लिहिलेला असतो. टॅलीप्राइममध्ये बहुतेक वेळा तो सी ड्राइव्हवर, युजर्समधल्या पब्लिक फोल्डरमध्ये असतो, आणि कंपनीच्या नावाने नाही तर नुसत्या आकड्यांच्या नावाने असतो. म्हणून शोधून सापडत नाही. टॅलीतूनच बॅकअप काढा: आल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू येतो, त्यात बॅकअप आहे. आणि त्यासोबत तो आकड्यांचा फोल्डरही वेगळा कॉपी करून ठेवा.

आउटलुकमध्ये मेल येत असतील तर ते पीएसटी नावाच्या फाइलमध्ये असू शकतात. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड गुगल खात्यात जात असतील तर नव्यात तेच खातं उघडलं की येतात. पण जात आहेत का हे आधी बघा. जीएसटी, उद्यम, वीजबिल, बँक यांची युजरनेम एका कागदावर लिहून पासवर्ड आठवतोय का तेही एकदा करून बघा. ब्राउझर आपोआप भरतो म्हणून तीन-तीन वर्षं आपण तो टाइपच केलेला नसतो. आणि नोंदणीचा मोबाइल नंबर चालू आहे ना? ओटीपी जुन्या भागीदाराच्या नंबरवर जातो हे बदलाच्याच दिवशी कळायला नको.

डिजिटल सही वापरत असाल तर काळजी नको. ती यूएसबी टोकनमध्ये असते, कॉम्प्युटरमध्ये नाही. नव्यात फक्त टोकनचा ड्रायव्हर आणि सही करायचं छोटं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. व्हॉट्सॲपचंही तसंच, गप्पा फोनमध्ये आहेत. नव्यावर क्यूआर कोड स्कॅन करा आणि फोनमधल्या लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जाऊन जुना कॉम्प्युटर लॉगआउट करा.

मराठी फाइल्सचं दुखणं

हा भाग ज्यांचं झेरॉक्स, डीटीपी, लग्नपत्रिका, फ्लेक्सचं काम आहे त्यांनी दोनदा वाचा. बाकीच्यांच्याही कोटेशन, पावत्या, दुकानाचे बोर्ड यात हे असतंच.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं पत्रिकांचं दुकान आहे. बारा वर्षांच्या डिझाइन्स. नव्या कॉम्प्युटरवर सगळ्या फाइल्स आल्या, एकही कमी नाही, आणि पहिली पत्रिका उघडली तर "श्री गणेशाय नमः" च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांची खिचडी. ताईंना वाटलं फाइल खराब झाली. फाइल ठणठणीत होती. फॉन्ट आला नव्हता.

झालं काय, ते समजून घ्या. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. त्यात टाइप केलेलं मराठी कॉम्प्युटरच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा चेहरा देतो. चेहरा काढला की खालची अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये टाइप केलेलं मराठी मात्र कुठल्याही नव्या कॉम्प्युटरवर वाचता येतं, फार तर वळण बदलेल.

म्हणून जुन्यातल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले मराठी फॉन्ट वेगळे काढून घ्या आणि नव्यात "सगळ्या युजर्ससाठी इन्स्टॉल" करा. फॉन्ट विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरसोबत आले असतील तर ते सॉफ्टवेअर त्याच्या परवान्यासकट रीतसर नव्यात हलवावं लागेल. डोंगल असेल तर ते जुन्या सीपीयूच्या मागे लागलेलं असतं, ते काढायला विसरू नका. एक्सचेंजमध्ये डोंगलसकट सीपीयू गेल्याचं उदाहरण मला माहीत आहे. आणि दरवर्षी लागणाऱ्या, पुन्हा पुन्हा छापायच्या डिझाइन्सची जुन्यातच पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवता येतो, मग कुठेही उघडली तरी अक्षर हलत नाही.

नव्या कॉम्प्युटरवर भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडून घ्या. इन्स्क्रिप्टही मिळतो आणि रोमन अक्षरांवरून टाइप करायचा फोनेटिकही. जुना मंगल फॉन्ट दिसत नसेल तर भाषा जोडल्यावर तोही येतो. इथून पुढचं नवं काम शक्य तेवढं युनिकोडमध्येच करा. पुढच्या बदलाच्या वेळी हे दुखणं नको.

कॉपी

पेन ड्राइव्हवर नको. एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा एसएसडी घ्या, दुकानाला ती पुढेही लागणारच आहे. ती आधी एक्सफॅट किंवा एनटीएफएस आहे ना ते बघा. जुन्या पद्धतीच्या फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांना हे लगेच आडवं येतं. डिस्क रिकामी असतानाच हे बदला, कारण फॉरमॅट केल्यावर तिच्यातलं जातं.

कट करायचं नाही, कॉपी करायची. कट करताना मध्येच लाईट गेली तर काय कुठे राहिलं याचा पत्ता लागत नाही. कॉपीत लाईट गेली तर मूळ तिथेच आहे, पुन्हा करा. तरीही यूपीएस जोडूनच हे काम करा.

वेळेचा अंदाज हवा. जुन्या कॉम्प्युटरला यूएसबी २.० असेल तर सेकंदाला साधारण ३० एमबी धरा. २०० जीबीला दोन तास. लहान लहान हजारो फाइल्स असतील तर त्याहून जास्त. म्हणून रात्री लावून सोडायचं, पण आधी स्लीपची सेटिंग बंद करायची, नाहीतर सकाळी कॉम्प्युटर झोपलेला आणि कॉपी वीस टक्क्यांवर.

कॉपी संपल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर प्रॉपर्टीज बघा. फाइल्सची संख्या आणि आकार बाइट्समध्ये जुळला पाहिजे. काही फाइल्स "नाव फार लांब आहे" म्हणून मागे राहतात; फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर केलेल्यांच्या बाबतीत हे हमखास होतं. त्या फोल्डरांची नावं छोटी करून पुन्हा कॉपी करा.

नवा सुरू करताना: ई-मेल कोणाचा?

विंडोज ११ सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. डीलरचा माणूस घाईत असतो, तो स्वतःचा किंवा दुकानाचा एखादा ई-मेल टाकून मोकळा होतो. कधी भाच्याचा टाकला जातो. त्यावेळी कोणालाच फरक पडत नाही.

फरक कुठे पडतो ते सांगतो. असं खातं टाकलं की बऱ्याच नव्या कॉम्प्युटरवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते. रोजच्या कामात ते जाणवत नाही. पण एखाद्या दिवशी मदरबोर्ड बदलला, बायोस अपडेट झालं, किंवा डिस्क काढून दुसरीकडे लावायची वेळ आली की निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती की त्या खात्यात साठवलेली असते. खातं तुमचं असेल तर फोनवरून उघडून दोन मिनिटांत सापडते. खातं त्या माणसाचं असेल आणि तो आता पुण्याला दुसऱ्या नोकरीवर असेल, तर तुमच्या दुकानाची किल्ली त्याच्या खिशात आहे. ती नसेल तर डेटा मिळत नाही. मोठ्यातला मोठा तज्ज्ञ आणलात तरी नाही, कुलूप त्यासाठीच बनवलंय.

तेव्हा पहिल्यांदा सुरू करताना स्वतः समोर बसा. धंद्याच्या नावाचा, तुमच्या नंबरला जोडलेला ई-मेल वापरा. सुरू झाल्यावर रिकव्हरी की काढा, छापा आणि दुकानाच्या परवान्यांच्या फाइलमध्ये लावा. तो कागद काउंटरखाली चिकटवायचा नाही.

त्याच खात्यामुळे दुसरी एक गोष्ट न विचारता सुरू होऊ शकते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो वनड्राइव्हवर जायला लागतात. फुकट जागा ५ जीबी असते. तुमचा २०० जीबीचा डेटा त्यात ओतलात की जागा भरते, लाल खूण येते, आणि काय वर गेलंय, काय नाही हे कळेनासं होतं. जागा विकत घेणार असाल तर उत्तम सोय आहे. नसाल तर फाइल्स टाकायच्या आधीच ते बंद करा.

काउंटरवरच्या मुलासाठी वेगळा, साधा युजर करा, ॲडमिन तुम्ही. विंडोज ॲक्टिव्हेटेड आहे का तेही सेटिंगमध्ये बघून घ्या. असेंबल मशीनवर "विंडोज टाकून देतो" म्हणजे खरं विंडोज असेलच असं नाही. बिलावर ते वेगळं लिहिलेलं असावं.

बिलावरून आठवलं. बिल तुमच्या जीएसटी नंबरवर घ्या. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो धंद्यासाठी असेल तर इनपुट क्रेडिट मिळतं; कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही. आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा आहे, पण त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्याच्या निम्माच. आणि ज्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं त्या रकमेवर पुन्हा घसारा नाही. मार्चमध्ये घाईने घ्यायच्या आधी सीएशी बोला.

प्रिंटरची केबल खरेदीआधीच बघायला हवी. ज्यांच्याकडे बिलासाठी अजून डॉट मॅट्रिक्स आहे, त्यांच्या प्रिंटरला जाड, रुंद पॅरलल केबल असू शकते, आणि आजच्या मशीनला मागे तसं भोकच नसतं. यूएसबीत बदलणारी केबल मिळते, पण ती तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरसोबत चालते का ते दुकानात आणून बघूनच पैसे द्या.

जुळवणी, म्हणजे खरं काम

फाइल दिसली म्हणजे आली असं नाही. उघडली पाहिजे, आणि आतले आकडे तेच पाहिजेत.

टॅलीचं उदाहरण घेऊ. बॅकअप काढायच्या आधी जुन्यातून चार गोष्टी छापून घ्या: ट्रायल बॅलन्स, येणी-देणींची यादी, स्टॉकचा सारांश आणि कॅशबुकचा आजचा शिल्लक आकडा. कागदावर तारीख घाला. मग जुन्यात इंटरनेट चालू असताना टॅलीचं लायसन्स सरेंडर करा आणि नव्यात तेच ॲक्टिव्हेट करा. सिंगल युजरचं लायसन्स एका वेळी एकाच मशीनवर चालतं, आणि जुनं मशीन फॉरमॅट करून बसलात तर ते सोडवायला उगाच खटपट. सरेंडर केल्यावर जुन्यातली टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडते. आकडे बघता येतात, पण रोजच्या तारखांच्या नोंदी होत नाहीत. आपल्याला नेमकं तेच हवंय. मुलाने सवयीने जुन्यात बिल करायला घेतलं तरी होणार नाही.

नव्यात डेटा रिस्टोअर करून तेच चार कागद काढा आणि शेजारी ठेवून पेन्सिलीने टिक करत जा. शेवटचा आकडा जुळला तर बाकी जुळलंच असं धरू नका. पाच मोठ्या पार्ट्यांची लेजर उघडा. मागच्या वर्षांच्या वेगळ्या कंपन्या केलेल्या असतील तर त्या प्रत्येक उघडा. बहुतेक वेळा चालू वर्ष येतं आणि आधीची वर्षं जुन्यातच राहतात, कारण ती तिथे बंद करून ठेवलेली होती. नव्यात टॅलीची नवी आवृत्ती टाकली असेल तर ती डेटा आपल्या पद्धतीने बदलून घेते, मग तो जुन्या आवृत्तीत परत उघडेलच असं नाही. म्हणून एक्स्टर्नल डिस्कवरचा मूळ बॅकअप तसाच राहू द्या, काम कॉपीवर करा.

बाकी फाइल्ससाठी माझी साधी पद्धत आहे. प्रत्येक फोल्डरमधली सगळ्यात जुनी, सगळ्यात नवी आणि सगळ्यात मोठी अशी एकेक फाइल उघडायची. एक्सेलमध्ये दुसऱ्या फाइलमधून आकडे ओढलेले असतील तर ते दुवे तुटलेले असतात, कारण ड्राइव्हचं अक्षर किंवा युजरचं नाव बदललं. नव्यातही डी ड्राइव्ह तोच आणि फोल्डरची नावं तीच ठेवली तर यातलं निम्मं टळतं.

मग वहीतली यादी घ्या आणि प्रत्येक गोष्ट एकदा करून बघा. एक बिल छापा. एक लेबल छापा. एक कागद स्कॅन करा. जीएसटीच्या साइटवर लॉगिन करून बाहेर या. हे गिऱ्हाईक समोर उभं असताना नाही, सुट्टीच्या दिवशीच.

महिन्यानंतर जुन्याचं काय

महिना गेला, रिटर्न भरलं, सीएने हिशोब बघून काही कमी नाही म्हटलं. आता जुना मोकळा.

पण त्यात काय काय आहे ते आठवा. झेरॉक्सवाल्यांकडे लोकांनी प्रिंटसाठी दिलेली आधार कार्डं, पॅन, सातबारे, मुलांच्या मार्कशीट. किराणावाल्यांकडे उधारीची नावं आणि मोबाइल नंबर. हे तुमचं नाही, गिऱ्हाइकाचं आहे, त्याने विश्वासाने दिलंय. डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला किंवा पटकन फॉरमॅट मारला तरी फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने ते परत काढता येतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहेच, पण गावात नाव खराब व्हायला कायद्याची वाट बघावी लागत नाही.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे हार्ड डिस्क काढून घ्या आणि बाकीचा डबा विका. चार स्क्रू असतात. डिस्कशिवाय किंमत थोडी कमी येईल. डिस्कसकटच द्यायचा असेल तर विंडोजच्या रिसेटमध्ये सगळं काढून टाका हा पर्याय निवडून, पुढच्या सेटिंगमध्ये ड्राइव्ह साफ करायचा पर्याय चालू करा. मोठ्या हार्ड डिस्कला त्याला कित्येक तास लागतात, तेव्हा तेही रात्रीच लावा.

काढलेली डिस्क पातळ फोमच्या पिशवीत घाला, वर चिठ्ठी चिकटवा: दुकानाचं नाव, कोणत्या तारखेपर्यंतचा डेटा, आणि विंडोजला पासवर्ड होता का. ती दुकानात ठेवू नका, घरी ठेवा. एक्स्टर्नल डिस्कवरचा बॅकअप दुकानात, ही घरी. दर सहा महिन्यांनी यूएसबी कन्व्हर्टर लावून एकदा सुरू होते का बघायचं. तो कन्व्हर्टर काही शे रुपयांना मिळतो, डिस्कसोबत त्याच पिशवीत ठेवा.